जशीच्या तशी आळवणी

त्या राज्यात डोंगर एकच होता आणि त्याच्या माथ्यावर कोणालाही राहता येत नव्हते. वर बर्फ, वारा आणि उघडा कातळ. खाली पायथ्याला अंधारी राने आणि त्यांत सापांची वस्ती. मधल्या उंचीवर मात्र डोंगराच्या कमरेभोवती करगोट्यासारखा एक झुडपी पट्टा होता, आणि त्या पट्ट्यात लहान हिरवट पाखरांचे एक कुळ नांदत होते. डोंगर ओलांडणे त्यांच्या पंखांना साधणारे नव्हते. पलीकडे जायचे तर वळसा घालूनच जायचे.

ही पाखरे रूपाने इतकी सारखी, की बसली की पाने आणि उडाली की पाखरे. म्हणून त्या कुळात डोळ्यांच्या साक्षीला किंमत नव्हती. ओळख पटायची ती गळ्यावरून. प्रत्येकाला गाणे एकच येई. एक धृपद आणि चार चरण. त्याला ते आळवणी म्हणत. पहाटे शिखराकडे तोंड करून म्हटली की ती पूजा होई. आपल्या झुडपांच्या जाळीच्या हद्दीवर बसून म्हटली की इतर नरांना ताकीद होई, की इथे माझा संसार आहे, पुढे पाऊल टाकू नका. आणि एखाद्या उपवर पाखरीसमोर म्हटली की ती मागणी होई. भक्ती, भांडण आणि लग्न या तिन्ही गोष्टी त्या चार चरणांत सुखाने राहत होत्या.

फार पूर्वी सगळे कुळ दक्षिणेच्या उतारावर एकाच ठिकाणी होते. त्या जागेला मूळपीठ म्हणत. पुढे पिलावळ वाढली, अळ्या पुरेनात, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ठरवले की अर्ध्यांनी पश्चिमेच्या अंगाने जावे आणि अर्ध्यांनी पूर्वेच्या. वाटेत वस्त्या करीत, शिखराला कवेत घेत, उत्तरेच्या ओढ्यावर दोन्ही ओळींनी भेटावे. त्या दिवशी एका ओळीची लेक दुसऱ्या ओळीच्या मुलाला द्यावी म्हणजे प्रदक्षिणा पुरी झाली. निघताना सर्वांनी एका सुरात आळवणी म्हटली, आणि तो सूर म्हणे दरीत बराच वेळ फिरत राहिला होता.

पश्चिमेकडे गेलेल्यांना देव उजव्या हाताला आला, तेव्हा त्यांना कसलीच शंका उरली नाही. पूर्वेकडे गेलेल्यांना तो डाव्या हाताला आला. उलटी प्रदक्षिणा म्हणून त्यांची थट्टा झाली, तेव्हा त्यांच्यातल्या एका म्हातारीने उत्तर दिले, ‘काळीज कोणत्या बाजूला असते, ते तपासून या आणि मग बोला.’ तेव्हापासून पूर्वेच्या ओळीत हे उत्तर पिलांना डोळे उघडण्याआधी शिकवले जाई.

आळवणी बिघडू नये यासाठी एक रीत होती. दर वसंतात कोवळी पालवी फुटली की पडताळ्याचा दिवस येई. शेजारशेजारच्या दोन जाळ्यांतले वडील हद्दीवरच्या फांदीवर समोरासमोर बसत. एकाने चरण म्हणायचा, दुसऱ्याने तोच परत म्हणायचा. चारही जुळले की दोघांनी शिखराकडे मान लववून म्हणायचे, ‘जशीच्या तशी.’ मग नैवेद्य, मग पिकल्या फळांची पंगत. ही ग्वाही जाळीजाळीतून मागे मागे जात मूळपीठापर्यंत पोहोचे. शेकडो जाळ्या होत्या, आणि एकीतूनही वेगळी ग्वाही कधी गेली नव्हती.

पूर्वेच्या ओळीची अगदी शेवटची जाळी उत्तरेच्या ओढ्याच्या अलीकडच्या काठावर होती. करवंदीची दाट, ओलसर, धुक्यात बुडालेली. तिचा धनी केरोबा. ज्या कुळात पाच वसंत म्हणजे भरले आयुष्य, तिथे त्याने सातवा वसंत पाहिला होता. पहाटे सर्वांच्या आधी त्याची आळवणी सुरू होई. तिसऱ्या चरणात एका ठिकाणी तो क्षणभर थांबे. त्याची आई तिथे थांबत असे. धुक्याचा थेंब पानाच्या टोकाशी यायचा, आई तो गळून पडेपर्यंत श्वास धरायची, आणि तो टपकला की मग पुढचा सूर. पिलू असताना केरोबाला वाटे की देवच तिथे टाळ देतो. पुढे आई गेली, पण थांबणे राहिले. पडताळ्याला शेजारणीने ते ऐकले, हसून मान हलवली, आणि दोघांनी मिळून म्हटले, ‘जशीच्या तशी.’

गेल्या हिवाळ्यातल्या गोठवणाऱ्या दहिवराने केरोबाची बायको नेली, दोन मुलगे नेले. उरली ती लेक, तुळसा. तिचा हा तिसरा वसंत होता, आणि ती अजून घरट्यावाचून होती. कारण केरोबाने तिला राखून ठेवले होते. दोन्ही ओळींची गाठ या जाळीत पडणार, ओढ्यापलीकडून पाहुणा येणार आणि वडिलांचा शब्द आपल्या घरात पुरा होणार, हे त्याने तुळसा अंड्यात होती तेव्हाच ठरवले होते.

शेजारच्या जाळीतल्या म्हाळसाबाईला हे मान्य नव्हते. ती केरोबाच्या बायकोची जुनी मैत्रीण. या वर्षीच्या पडताळ्याच्या पंगतीत तिने विषय काढलाच.

“भावजी, पोरीला अजून किती वसंत ओढ्याकडे तोंड करून बसवणार?”

“येतील, म्हाळसाबाई. पश्चिमेची ओळ आता पोहोचतच असेल.”

“तुमच्या आजोबांच्या वेळेसही पोहोचतच होती. माझा पुतण्या रायाजी बघा. गळा बरा आहे, अळ्या शोधण्यात हुशार आहे. बोलतो जरा जास्त, पण घरटं बांधताना चोचीत काडी असते, तेव्हा गप्प बसावंच लागतं.”

तुळसाला हसू आले. केरोबाला आले नाही. “गाठ आमच्या घरात पडायची आहे,” तो म्हणाला.

“पडो बापडी. पण अंडी घालायची वेळ कुणासाठी थांबत नाही, एवढं ध्यानात ठेवा.”

आणि त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी पाहुणा आला.

ओढा ओलांडून एक तरणे पाखरू आले आणि खालच्या फांदीवर बसले. केरोबाचा ऊर भरून आला. त्याने पूर्ण आळवणी म्हटली, लांबवलेल्या सुरांची, धुक्यातून वाट काढीत जाणारी, जशी आईने दिली होती तशी. पाहुण्याने ती मान तिरकी करून ऐकली आणि झाल्यावर पाठीवरची पिसे विंचरायला घेतली. मग त्याने स्वतः तोंड उघडले. खडे घरंगळावेत तसे आखूड, तुटक सूर त्याच्या गळ्यातून भराभर आले आणि थांबले.

“बरे झाले,” केरोबा मायेने म्हणाला, “गळा साफ झाला. आता आळवणी होऊ द्या.”

पाहुण्याने पुन्हा तेच खडे टाकले.

एक गोष्ट केरोबाला स्वतःचीच नवलाची वाटली. परका नर आपल्या जाळीत बसून गाऊ लागला की त्याची पिसे उभी राहत. तारुण्यात त्याने म्हाळसाबाईच्या नवऱ्याशी याच हद्दीवर केवढी भांडणे केली होती, आणि दुपारी दोघे एकाच डबक्यात नाहत असत! आज मात्र मनावर साधा ओरखडाही उठला नाही. इतक्या वसंतांचे नामस्मरण अखेर फळाला आले, आपल्याला शांती साधली, असे त्याला वाटले आणि त्याने शिखराला मनोमन दंडवत घातले.

पाहुणा रोज येऊ लागला. एके दिवशी तो तुळसाच्या अगदी समोर बसून गायला. ती शेवटपर्यंत बसून राहिली. मग उठून एक अळी टिपून आली.

“आबा, हा काय म्हणतो?”

“आळवणी म्हणतो, बाळ.”

“आळवणी अशी असते?”

“जरा मोडली आहे. तू नीट ऐक.”

“ऐकलं की हो. वाईट नाही. पण त्यात मला कुठं बोलावलंय, तेच सापडत नाही.”

त्या उत्तराने केरोबाची झोप उडाली. विचार करता करता त्याला एकच उलगडा झाला: मूळ एक, रीत एक, ग्वाही अखंड, तरी पलीकडे असे गाणे निघत असेल, तर वाटेतल्या कोणत्या तरी जाळीने खोटी ग्वाही दिली आहे. ती जाळी शोधली पाहिजे. तिथली तुटलेली आळवणी सांधली की पाहुण्याचा गळा आपोआप सुधारेल आणि तुळसाला बोलावणे ऐकू येईल. त्यासाठी सगळ्या डोंगराभोवती फिरावे लागले तरी बेहत्तर. पूर्वेच्या अंगाने मागे मूळपीठापर्यंत जायचे आणि तिथून पश्चिमेच्या अंगाने वर येत ओढ्यावर पोहोचायचे. या वाटेने देवही उजव्या हाताला येत होता.

“करवंदं काळी होईपर्यंत थांब,” तो तुळसाला म्हणाला.

“आणि काळी होऊन गळून गेली तर?”

“त्याच्या आत येतो.”

बापाच्या पंखातले एक पीस वाकडे झाले होते, ते तुळसाने चोचीने सरळ करून दिले.

पहिल्या जाळीत म्हाळसाबाईने त्याच्याशी चार चरण पडताळले आणि वर चार शब्द सुनावले. दुसरी जाळी जुळली, तिसरी जुळली. केरोबा कान टवकारून ऐकत होता, जणू गहू निवडणाऱ्या बाईने खडा शोधावा; पण खडा लागत नव्हता. दहाव्या की बाराव्या जाळीत यजमान संकोचत म्हणाला, “केरोबा, राग मानू नका, तुमचा शेवटचा सूर जरा लांबतो, नाही का?”

“आमच्याकडे धुके फार. लांबवल्यावाचून पोहोचत नाही.”

“असं होय. आमच्याकडे पोहोचतो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांबरोबर आळवणीला बसताना केरोबाने शेवटचा सूर थोडा आखडता घेतला. दुसऱ्याच्या भजनात बसले की त्याच्या टाळाशी टाळ मिळवावा, हा पाहुण्याचा धर्म. त्यात आळवणी बदलली असे त्याच्या मनातही आले नाही. यजमानाने आनंदाने मान लववली, आणि ग्वाही दिली गेली.

असे मुक्कामामागून मुक्काम झाले. पळस गळून गेला. एका जाळीत दुसऱ्या चरणाला एक गिरकी असे, ती त्याने घेतली. पुढच्या जाळीत ती दोनदा घेत, त्याने दोनदा घेतली. कुठेही त्याला कोणी परके म्हटले नाही. प्रत्येक ठिकाणी त्याने नम्रपणे विचारले, “तुमच्या शेजारी काही बिघाड?” आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर मिळाले, “छे! आमच्यासारखीच म्हणतात.”

मूळपीठ आले, तेव्हा त्याने झाडाच्या बुंध्याला आधी डोके टेकले. इथून सगळे निघाले होते. लहानपणी आईने या जागेचे नाव इतक्या वेळा घेतले होते, की न पाहिलेल्या फांद्याही त्याला आठवत होत्या. तिथे भागीरथीआत्या नावाची एक फार वृद्ध पाखरी होती. केरोबा तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, “आत्याबाई, मला मूळची आळवणी ऐकवा. अगदी मूळची.”

आत्याबाईने गाऊन दाखवली. केरोबाने श्वास रोखून ऐकली. चांगली होती. पण ती आईची नव्हती, आणि ओढ्यापलीकडच्या पाहुण्याचीही नव्हती.

“हीच मूळची?”

“मूळची म्हणजे कुठली रे बाबा? रोज म्हणतो ती ही.”

“पण तुम्ही तर इथून हललाच नाहीत.”

“नाही हललो. माझी आजी म्हणायची तशीच म्हणते मी. मात्र माझी आई म्हणायची, की तुझ्या आजीला तिच्या आजीसारखं काही जमत नसे.” आत्याबाई खुदकन हसली. “लांबून आलास. दोन दिवस राहा. फळं गोड आहेत.”

तो राहिला नाही. पश्चिमेचा उतार सुरू झाला. तिथे राने विरळ, झुडपे खुरटी, आणि वारा दिवसभर वाहणारा. लांबवलेला सूर वारा अर्ध्यावरच उचलून नेई; म्हणून तिथली पाखरे सूर तोडून, घाईने, दोन झुळकांच्या मधल्या फटीत टाकीत. केरोबा त्यांच्याबरोबर बसे. आज एक सूर तुटे, चार मुक्कामांनी दुसरा. एका कोरड्या दुपारी त्याला आईची फार आठवण आली आणि त्याने तिसरा चरण एकट्याने म्हणून पाहिला. सगळे शब्द जागच्या जागी होते. तरी काहीतरी ठेवलेले सापडू नये, तसे त्याला चुकल्याचुकल्यासारखे झाले. त्या उतारावर पानांवर थेंब नसत. थोडा वेळ तो मान वर करून बसला, आणि मग वारा आला म्हणून पुढे निघाला.

पश्चिमेच्या शेवटच्या जाळीत त्याचे थोर स्वागत झाले. तिथल्या वडिलांनी समोर बसून चार चरण पडताळले. एकही सूर अडला नाही. “जशीच्या तशी!” सगळी जाळी ओरडली. “पाहा, ओढ्यापलीकडचे लोक आमचेच!” पंगत झाली, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, पोरींनी त्याच्या झिजलेल्या पंखांवरून चोची फिरवल्या. आख्ख्या डोंगरात एकही खोटी ग्वाही निघाली नव्हती. कुठेही काही तुटलेले नव्हते. तुळसाला एवढेच सांगायचे होते, की बाळ, तो पाहुणा आपलाच आहे, तू पुन्हा एकदा ऐक.

तो ओढा ओलांडून आला, तेव्हा करवंदे काळी होऊन गळूही लागली होती.

जाळीच्या वरच्या अंगाला एक गोल घरटे होते आणि तुळसा त्यात अंड्यांवर बसली होती. तिच्या कललेल्या मानेवरून, बसण्याच्या ढबीवरून त्याने ओळखले; तिची आईही अशीच बसे. शेजारच्या फांदीवर रायाजी, चोचीत अळी असल्याने गप्प. त्याच करवंदीच्या खालच्या अंगाला, चार विती अंतरावर, दुसरे एक घरटे होते. ते ओढ्यापलीकडच्या पाहुण्याचे. त्याने आपल्याकडची बायको आणली होती. रायाजी पाहुण्याच्या वाटेला जात नव्हता, पाहुणा रायाजीच्या वाटेला जात नव्हता. दोघे आपापल्या वेळी गात होते आणि दोघांपैकी एकाचेही पीस हलत नव्हते.

लेकीवर रागवायला केरोबाजवळ तोंड नव्हते. उशीर त्याचा होता. आणि घरटे झाले तरी आशीर्वाद द्यायचा राहिलाच होता. तो दोन घरट्यांच्या मधल्या फांदीवर उतरला, शिखराकडे तोंड केले आणि आळवणी म्हणू लागला. सगळा डोंगर फिरून आणलेली, जाळीजाळीत पडताळलेली. धृपद झाले, चारही चरण झाले.

तुळसाने एकदा खाली पाहिले, वाऱ्याने पान हलले तर पाहावे तसे, आणि नजर काढून घेतली. रायाजी त्याच्या शेपटीला जवळजवळ घासून उडी मारीत घरट्याकडे गेला. केरोबाला वाटले, आपला आवाज थकला असेल. त्याने अधिक मोठ्याने पुन्हा सुरुवात केली.

तेव्हा खालून काहीतरी सणसणत आले आणि त्याच्या छातीवर आदळले. पिसे फुलवलेला, डोळे लाल झालेला पाहुणा त्याच्यासमोर उभा होता.

“ए म्हाताऱ्या! माझी बायको अंड्यांवर बसलीय आणि तू माझ्या दारात गातोस? लाज आहे का? चल, नीघ!”

केरोबाला प्रत्येक शब्द कळला. “अरे बाबा, थांब. मी तुळसाचा बाप—”

“कोण तुळसा?” चोच पुन्हा बसली. “आमच्यात नाही कोणी तुळसा. आपल्या जाळीत जाऊन गा!”

वाकड्यातिकड्या झेपा घेत केरोबा ओढ्याकडे सरला. पाहुणा पाठीशी लागला. मध्येच एक हिरवट पीस सुटले आणि गिरक्या घेत पाण्याकडे निघाले. दोघांचे आखूड, तुटक ओरडणे पलीकडच्या काठावर दूर दूर जात राहिले.

“खाली कसला गोंधळ हो?” तुळसाने विचारले.

रायाजीने अळी तिच्या चोचीत दिली, तेव्हा त्याला बोलता आले. “काही नाही. पलीकडच्यांचं आपापसातलं दिसतंय. आपल्याला काय करायचंय?”

तुळसाने अंडी पोटाखाली नीट सारून घेतली आणि म्हाळसाबाईच्या जाळीकडे, आबा ज्या वाटेने गेले होते त्या वाटेकडे तोंड करून ती बसून राहिली.